पायलीभर बोरांचे वजन

उत्खनन करणाऱ्याला एक हिशेब वारंवार करावा लागतो. जमिनीत पेव सापडते. त्यातले धान्य केव्हाच संपलेले किंवा मातीला मिळालेले असते, उरलेला असतो तो खड्डा. त्याची रुंदी-खोली मोजली की त्यात किती मावत असेल ते काढता येते. पण खरी उत्सुकता पुढच्या प्रश्नाची असते: एवढ्या जागेत मावणारे धान्य भरेल किती, आणि ते किती तोंडांना किती दिवस पुरेल?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची पांढरीची टेकाडे आहेत. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली. शंभरावर घरे, घरांतल्या चुली, धान्याची पेवे, कणग्या ठेवण्याचे गोल ओटे आणि पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून कळले की मुख्य पीक सातूचे. सोबत गहू, मसूर, कुळीथ, लाख. आणि रानातले बोर.

सातूचा हिशेब जमतो. समजा, पेव मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल आहे. त्यात सुमारे ७८५ लिटर माल मावेल. सातू लिटरला साधारण ६०० ग्रॅम भरतो, म्हणजे पावणेपाचशे किलोच्या आसपास. माणशी रोज अर्धा किलो धरला तर पाच माणसांच्या घराला सहा महिने. आकडे मानीव आहेत, पण रीत पक्की आहे. दाणा कोरडा, बारीक, एकसारखा आणि ओतला की वाहणारा असल्यामुळे त्याचे माप आणि वजन यांचे नाते फारसे हलत नाही.

आता त्याच पेवात बोरे भरा. वजन किती? मला विचाराल तर हा प्रश्न अपुरा आहे. बोरे ओली की सुकवलेली? आठळीसकट की नुसता गर? अख्खी, ठेचलेली की कुटून बोरकूट केलेली? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणीही आकडा सांगू नये, आणि सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नये. आज स्वयंपाकासाठी ‘एक कप अमुक फळ म्हणजे तमुक ग्रॅम’ अशी कोष्टके पायलीला पन्नास मिळतात. ती खोटी नसतात, पण बहुतेक वेळा अर्धीच असतात. फळाचे मापातून वजनात रूपांतर करायचे तर फळाइतकाच त्याला लागलेला हात महत्त्वाचा आहे.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या. अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटकांच्या तक्त्यात एका कपाचे, म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटरचे, चार आकडे दिले आहेत. अख्खी फळे १४४ ग्रॅम, अर्धी कापलेली १५२, चकत्या केलेली १६६ आणि रगडून गर केलेला २३२. फळ तेच आणि कपही तोच, तरी पहिल्यापेक्षा शेवटचा आकडा दीडपटीहून मोठा. अख्ख्या फळांच्या कपात उरलेली जागा हवेने घेतली होती. सुरीने त्यातली थोडी हुसकली, रगड्याने उरलेली सगळी. २३२ ग्रॅम म्हणजे जवळजवळ पाण्याचेच वजन झाले. ताज्या फळाचा गर पाण्याच्या आसपासच भरतो, तेव्हा फळांची बहुतेक कोष्टके प्रत्यक्षात हवेची कोष्टके असतात.

या हवेचे गणित मोठे देखणे आहे. एकसारखे गोल भांड्यात कसेही ओतले तर भांड्याचा साठ-चौसष्ट टक्के भाग गोलांनी भरतो, बाकी पोकळी. हाताने नीट रचले तरी चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या वर जाता येत नाही. केप्लरने १६११ मध्ये मांडलेला हा अंदाज सिद्ध व्हायला १९९८ उजाडले. त्याच तक्त्यात बिनबियांच्या द्राक्षांचा कप १५१ ग्रॅमचा आहे. द्राक्ष पाण्यापेक्षा किंचित जड असते. हिशेब केला तर कपातली साठ टक्के जागा द्राक्षांची आणि चाळीस टक्के हवेची निघते. गणितज्ञाचे गोल आणि नारायणगावची द्राक्षे एकाच नियमाने वागतात.

यातून एक गोष्ट निघते, ती ऐकून बाजारात बोरे घेणारा माणूस सहसा मान हलवतो. गोलांच्या आकारमानाने हे प्रमाण बदलत नाही. पायलीभर बारीक रानबोरे आणि पायलीभर मोठी बोरे जवळजवळ सारखीच भरतात. बारीक बोरे जास्त मावतात हे खरे, पण त्यांच्यामधल्या फटीही तितक्याच वाढतात. भांडे फळाच्या मानाने मोठे असेल तोवरच हा नियम लागू पडतो. पेल्याने बोरे विकणारीने पेल्यात हल्लीची ती अ‍ॅपल बोरे भरली तर भिंतीलगत मोकळी जागा राहते आणि गिऱ्हाइकाचे नुकसान होते. बारीक-मोठी बोरे मिसळली तर उलट घडते, मोठ्यांच्या फटींत बारीक जाऊन बसतात आणि तेच माप जास्त भरते. शिवाय रानबोराची आठळी फळाच्या मानाने केवढी असते! कलमी बोरात गर जास्त. म्हणजे सारख्या वजनाच्या दोन पायल्यांतून खाण्याजोगे निघणार ते वेगळेच. डाळिंब, सीताफळ यांत तर साल-बिया गेल्यावर काय हाती लागेल याचा वेगळाच हिशेब मांडावा लागतो. दौंड-शिरूरकडच्या डाळिंबाचा किलोने घेतलेला भाव दाण्यांच्या वाटीला लावून पाहिला की हे कळते.

इथवरचे गणित हवेचे झाले. मापाला आणखी एक बाजू आहे, ती माणसांची.

जुन्या पुणेरी कोष्टकात दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. हे सारे मापाचे. वजनाचा मण वेगळा, चाळीस शेरांचा. मापाचा मण मात्र अठ्ठेचाळीस शेरांचा. दोन्हीकडे शेर आणि मण ही एकच नावे, त्यामुळे शाळेतल्या पोरांनी छड्या खाल्ल्या आणि व्यापाऱ्यांनी पैसा केला. शिवाय प्रत्येक गावचे माप आपापले. १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या मेट्रिक पद्धतीने हा गोंधळ मिटवला. जुन्या मापांबद्दल हळवे होणाऱ्यांनी एकदा खळ्यावरचे व्यवहार आठवावेत. मापात पाप हा वाक्प्रचार उगाच रुळलेला नाही.

पाप करण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे शीग. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवायचा की शिगोशीग भरायचे, हे कोण मोजतो आणि कोणासाठी मोजतो यावर ठरे. पोलिश इतिहासकार विटोल्ड कुला यांनी १९७० मध्ये मापांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. युरोपातले जमीनदार कुळांकडून शिगेने धान्य घेत आणि विकताना सपाट मापाने देत, हे त्यात तपशिलाने आले आहे. आपल्याकडे बलुतेदाराच्या पदरात पडणारे माप आणि सावकाराच्या घरी जाणारे माप यांची कथा काही निराळी नव्हती.

शीग किती देते हेही मोजता येते. ढिगाची उतरण तीस अंशांची धरा. मापाची खोली त्याच्या रुंदीइतकी असेल तर शीग जेमतेम दहा टक्के वाढवते. खोली रुंदीच्या निम्मी असेल तर एकोणीस टक्के, आणि पाव असेल तर अडतीस. म्हणजे पसरट मापाने शिगेसकट घेणारा आणि उभ्या मापाने देणारा, दोन्ही मापे सारख्या लिटरांची ठेवूनही कमाई करू शकतो. माप तपासणाऱ्याला त्यात बोट ठेवायला जागा नाही. शार्ङ्गधरसंहितेत कुडव या मापाचे वर्णन चार अंगुळे रुंद आणि चार अंगुळे खोल असे दिले आहे. नुसते ‘इतके मावणारे’ न म्हणता रुंदी-खोली दोन्ही का सांगितल्या असाव्यात, याचे एक उत्तर मला या शिगेत दिसते.

शार्ङ्गधराचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबू. आयुर्वेदाच्या मानपद्धतीत फळे स्वतःच मापे आहेत. कोल म्हणजे बोर, हे एक वजन. दोन कोलांचा कर्ष, चार कर्षांचे पल, आणि पलाला बिल्व असेही म्हणत. भारत सरकारच्या आयुर्वेदीय योगसंग्रहात कर्ष १२ ग्रॅमचा धरला आहे, म्हणजे कोल ६ ग्रॅमचा. त्या पद्धतीत आणखी एक नियम आहे. कुडवाच्या पुढच्या मापांत द्रव पदार्थ आणि ओल्या वनस्पती सांगितल्याच्या दुप्पट घ्याव्यात. आधुनिक भाषेत हे रूपांतराचे कोष्टकच झाले, आणि ते ‘ओले की सुके’ या प्रश्नापासून सुरू होते. आजच्या कित्येक पाककृतींना हा प्रश्न सुचत नाही.

पण याच परंपरेत एक अडचणीचे उदाहरण आहे. च्यवनप्राशाच्या चरकोक्त पाठात आवळे मोजून सांगितले आहेत, पाचशे. खडीसाखर मात्र वजनाने, अर्धी तुळा म्हणजे पन्नास पले. आजच्या हिशेबात ती २ किलो ४०० ग्रॅम होते. रानावळा आठ ग्रॅमचा असला तर पाचशे आवळे चार किलो. कलमी आवळा चाळीस ग्रॅमचा घेतला तर वीस किलो! साखर तेवढीच. फळ सुधारले, पाठ तसाच राहिला, आणि पाठाला शब्दशः धरणाऱ्याच्या कढईत वेगळाच पदार्थ शिजू लागला. मोजणी, माप आणि वजन एकाच कृतीत मिसळले की असे होते.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ, कारण वादाची खरी जागा तिथे आहे. वजनकाट्याचे कट्टर पुरस्कर्ते वाटीची टर उडवतात. वाटी कोणाची, केवढी? स्टीलच्या दोन वाट्यांत दीड-दोनपट फरक असतो हे खरेच आहे. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या पुस्तकात कप-चमचे सपाट भरण्याचा आग्रह धरला आणि तिकडे कप ठरावीक झाला. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर पोचवले. ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चालले, कारण वाटी ही लिटरची धाकटी बहीण म्हणून वापरायची वस्तूच नाही. एका कृतीत एकच वाटी वापरायची एवढी अट पाळली की केवढीही वाटी चालते. वाटी सांगते ते प्रमाण. ज्या घरात एकच वाटी मापाची म्हणून राखून ठेवलेली असते तिथे पदार्थ वर्षानुवर्षे एकसारखा होतो, आणि मिलिलिटर कोणाला ठाऊकही नसतात.

घोटाळा होतो तो वाटीचे प्रमाण आंधळेपणाने वजनात नेले की. कैरीच्या साखरांब्याचे उदाहरण घेऊ. ‘कीस आणि साखर एकास एक वाटी’ अशी एक साधी कृती समजा. वाटी १५० मिलिलिटरची. सपाट भरलेली साखर तीत सव्वाशे ग्रॅमच्या थोडी वर बसते. हलक्या हाताने भरलेला कीस मात्र सत्तर-ऐंशी ग्रॅमच, कारण किसात हवा फार. म्हणजे वाटीचे ‘एकास एक’ वजनात ‘एकास पावणेदोन’च्या जवळ जाते. हे मिश्रण शिजायच्या आधीच सुमारे ६८ टक्के घन आहे. साखर विरघळून कैरी पारदर्शक झाली की उतरवले तरी टिकेल. आता कोणी हौशी माणूस हीच कृती परदेशातल्या मुलीसाठी ‘नेमकी’ करायला बसतो आणि लिहितो: कीस २०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम. याचे मिश्रण ५७ टक्क्यांपासून सुरू होते. त्यातले बरेच पाणी आटवायला हवे. मुलगी आईच्याच वेळेचा अंदाज धरून गॅस बंद करते, आणि महिनाभरात बरणीत बुरशी. काट्याने काहीच चूक केलेली नाही, पण हिशेबात किसातली हवा कोणी धरलीच नव्हती.

तरीही आई फसत नव्हती, आणि ते केवळ वाटीमुळे नव्हे. तिच्याकडे शेवटी पडताळायचे साधन होते, ते म्हणजे पाकाची तार. पळीवरचा पाक बोटांत धरून ओढून पाहणे ही घनतेची परीक्षा आहे. कारखान्यात तेच काम ब्रिक्समापक करतो. कैरी किती पाणचट निघाली, कीस किती दाबून भरला, साखर किती जाड होती, या सगळ्या चुका तारेपाशी दुरुस्त होत. वाटीची पद्धत दोन टोकांची होती. सुरुवातीला अंदाज आणि शेवटी परीक्षा. छापील कृतीने सुरुवातीचा अंदाज ग्रॅमात आणला खरा, पण परीक्षा बहुतेक वेळा गाळली, आणि आपण समजलो की शास्त्र आले.

म्हणून काटा नको, असे मी म्हणत नाही. विकण्यासाठी करायच्या आणि महिनोन्‌महिने ठेवायच्या पदार्थांत वजनाला पर्याय नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे जॅममध्ये फळ ४५ टक्क्यांहून कमी चालत नाही (स्ट्रॉबेरीसारख्या काही फळांना २५ टक्क्यांची सवलत आहे) आणि विद्राव्य घन ६५ टक्क्यांहून कमी नसावे लागतात. हे टक्के वजनाचे आहेत. गावातल्या बचत गटाने वाटीने जॅम केला तर तो चविष्ट होईल, पण नियमात बसला की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. तिथे गर काढून झाल्यावर, पातेल्याचा धडा करून, गर आणि साखर दोन्ही तोलली पाहिजेत. अख्ख्या फळाचे वजन तिथे बाजारापुरतेच.

याच प्राधिकरणाचा एक नियम मला फार आवडतो. आइस्क्रीमचे वजन लिटरला ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असू नये. कारण उघड आहे. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा जाते, आणि लिटरने विकणाऱ्याला हवा विकण्याचा मोह आवरत नाही. सीताफळाचे आइस्क्रीम असो की स्ट्रॉबेरीचे, डब्यातली जवळजवळ अर्धी जागा हवेची असू शकते आणि ते कायदेशीर आहे. कायद्याने माप आणि वजन यांतले नाते बांधून टाकले, ते बरोबर त्याच जागी जिथे हवेला किंमत मिळते. आठवडे बाजारात पेल्याने विकल्या जाणाऱ्या बोरांना असा नियम लावायला जाणे मूर्खपणाचे ठरेल. तिथे गिऱ्हाईक आणि विकणारी दोघीही पेला डोळ्यांनी पाहतात, वर चार बोरे मागतात, आणि ती मिळतात.

मग रोजच्या कृती लिहाव्या कशा? माझा आग्रह फळाची अवस्था आधी लिहिण्याचा आहे. ‘डाळिंब एक वाटी’ असे न लिहिता ‘सोललेले डाळिंबाचे दाणे, न दाबता, एक वाटी’. ‘केळे एक कप’ यात चकत्यांचा कप १५० ग्रॅमचा आणि कुस्करलेल्याचा २२५, त्यामुळे शिकरण बिघडणार नाही पण केक नक्की बिघडेल. मनुका सैल भरल्या तर १४५, दाबून भरल्या तर १६५. साखरेला, सातूला ही बारीक काळजी तितकीशी लागत नाही, कारण तिथे हात हवा फारशी बदलत नाही. फळाला लागते.

सुकवलेल्या फळाबद्दल तर वेगळेच कलम हवे. बोराच्या गरात साधारण ऐंशी टक्के पाणी धरले, तर किलोभर गरात घन दोनशे ग्रॅम. तो वीस टक्के ओल राहीपर्यंत सुकवला की पाव किलो उरतो. कुटल्यावर वजन तेवढेच राहते, पण फटी मोडल्याने माप आणखी घटते. ‘ताजे नसेल तर सुके वापरा’ असे लिहिणाऱ्याने या चौपटीचा उल्लेख न करणे हा आळस आहे. इनामगावच्या लोकांनी बोरे सुकवून ठेवली असतील का, हे जळक्या आठळीवरून सांगता येत नाही. पण पेवातली जागा मर्यादित असलेल्या कोणत्याही घराला ही चौपट कळायला काटा लागला नसता.

चिंचेपाशी मात्र माझे कोष्टक संपते. आपल्या कृतींत ‘लिंबाएवढा चिंचेचा गोळा’ असे येते आणि शहाण्या संपादकाला ते ग्रॅमात किंवा कोळाच्या वाटीत बदलायचा मोह होतो. गोळा तोलता येईल, तो जरूर तोलावा. कोळाची वाटी लिहू नये. चिंच नवी की जुनी, चिंचोक्यासकट की काढून, भिजत किती वेळ घातली आणि कोळताना पाणी किती घातले, यावर तीच वाटी आमटी आंबट करील किंवा नुसती ओली करील.